ग्रुप माझा, बायका माझ्या, आणि रात्री पावणेदहाला मलाच बाहेर काढलं

दोन महिने लिहू की नको करत होते, कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. आपल्याच क्लासच्या बायका आपल्याच नावावर फसल्या हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण परवा विट्याच्या एक ओळखीच्या ताई आहेत, केक शिकवतात ऑनलाइन, त्यांचा फोन आला की एक मुलगा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळून देतो म्हणतोय, महिना पाच हजार, देऊ का? म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मी सांगलीची. ब्लाउज कटिंग शिकवते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरचा क्लास बंद पडला तेव्हा स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर मोबाईल असं करून व्हिडिओ काढायला लागले आणि त्यातनं हे ऑनलाइनचं सुरू झालं. तीन महिन्यांचा कोर्स, फी १४९९, बुधवारी आणि शनिवारी दुपारी लाइव्ह. वाढत वाढत तीन ग्रुप झाले, साधारण ३८० बायका.

शिकवणं मला जमतं, ग्रुप चालवणं नाही जमायचं. एखादी बिचारी फोटो टाकणार, ताई मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) चुण्या येतायत काय चुकलं, आणि मी पोळ्या आटपून फोन हातात घेईपर्यंत त्यावर संकष्टीच्या शुभेच्छा, गुलाबाची फुलं, कुणाच्या तरी नणंदेच्या साड्यांची जाहिरात, असे साठ मेसेज. तिचा फोटो गेला वर. ती दोन दिवस वाट बघणार आणि मग गिऱ्हाईकाचं कापड अंदाजाने कापून बसणार. अशा बाईने पुढच्या बॅचला फी का भरावी? नाहीच भरायच्या.

तर हा मुलगा, एका मेंबरचा भाचा, चोवीस-पंचवीसचा असेल. मावशीच्या फोनवरून ग्रुप बघून म्हणाला, ताई तुमचा क्लास भारी आहे पण कम्युनिटी बसवायला पाहिजे, मी करतो, महिना ६००० द्या. आमचे हे म्हणाले कशाला, पण मी थकले होते हो.

आणि सांगते, पहिल्या दोन महिन्यांत त्याने खरंच छान काम केलं. सूचनांचा ग्रुप वेगळा, त्यात फक्त ॲडमिन लिहिणार. शंकांचा वेगळा. प्रत्येक बॅचचा तीस जणींचा छोटा ग्रुप, म्हणजे बाई बोलायला लाजत नाही. ब्लाउजचा फोटो टाकताना पुढून, मागून, बाजूने असे तीन, आणि खाली छाती-कंबर-मुंढ्याचं माप. जी पंधरा दिवस गप्प आहे तिला एकटीला व्हॉइस मेसेज, काय गं, कटोरी जमली का. एवढंच. पण आधी तीस जणींतल्या सात-आठ पुढच्या कोर्सला यायच्या त्या अठरा यायला लागल्या. आजही मी ह्याच पद्धतीने चालवते, पद्धत चांगली आहे, माणूस चोर निघाला ती गोष्ट वेगळी. आणि म्हणूनच मी फसले बघा. पहिल्या दिवशी लिंक पाठवून ओटीपी मागणारा असता तर मी दारातूनच हाकलला असता.

आता तो कुठे घुसला ते नीट वाचा. नवीन ग्रुप करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, ताई एवढे नंबर एकदम ॲड केले तर व्हॉट्सॲप तुमचा नंबर बॅन करेल, मी क्लाससाठी वेगळं सिम घेतो, त्यावरून ग्रुप करू, तुम्हाला ॲडमिन करतो. बॅन होतो हे खोटं नव्हतंच, माझ्या जावेचा झाला होता. मी हो म्हटलं. सिम त्याच्या नावावर. मला वाटलं मीही ॲडमिन, तोही ॲडमिन, सारखंच की. सारखं नसतं! ज्याच्या नंबरवरून ग्रुप तयार होतो त्याला दुसरा ॲडमिन काढू शकत नाही, तो मात्र सगळ्यांना काढू शकतो. हे मला माहीतच नव्हतं.

दुसरं, माझं व्हॉट्सॲप त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर जोडून घेतलं, मेसेजना उत्तरं द्यायला सोपं जातं म्हणून. मीच क्यूआर स्कॅन केला. चार महिने तो माझं सगळं वाचत होता, कोण ॲडव्हान्स बॅच कधी म्हणून विचारतंय, कुणाला मी काय लाडाने हाक मारते. तिसरं, गुगल फॉर्मची शीट, नाव-नंबर-पत्ता सगळं, एडिटर म्हणून दिलेली.

एका रविवारी मी मिरजेला लग्नात होते. रात्री पावणेदहाला मला सगळ्या ग्रुपमधून काढलं. मला वाटलं नेटचा घोळ. आणि तिकडे बायकांना मेसेज, "चला गं पोरींनो, कात्र्या काढा! प्रिन्सेस कटची लाइफटाइम मेंबरशिप फक्त ९९९, आज रात्री बारापर्यंत, पहिल्या शंभर जणींना." कात्र्या काढा हे माझं वाक्य, प्रत्येक लाइव्हची सुरुवात मी अशीच करते. खाली क्यूआर. आणि सगळे ग्रुप फक्त ॲडमिन लिहील असे करून ठेवलेले, म्हणजे कुणी विचारूच शकत नाही की ताई हे खरं का. पैसे पाठवताना समोर कुणा तिसऱ्याच पुरुषाचं नाव येत होतं म्हणे, पण बायकांना वाटलं ताईंच्या मिस्टरांचं असेल.

सव्वाअकराला एकीचा फोन आला, तोवर मला पत्ताच नाही. मंगल कार्यालयाच्या बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून बायकांना सावध करायला मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती, तर त्यात २५६ च्या वर नंबर जात नाहीत, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. नव्या बायकांनी नंबर सेव्ह केला होता त्याचा, "क्लास ऑफिस" म्हणून. माझा कशाला करतील? शेवटी घरी येऊन फीची वही काढली, हो, वही, ह्याच वहीला तो हसायचा की ताई कुठल्या जमान्यात आहात, आणि रात्री दोनपर्यंत एकेकीला फोन. काहींच्या घरी नवऱ्यांनी उचलला, काय काय ऐकून घेतलं ते सोडा.

४३ जणींनी भरले होते. ४२,९५७ रुपये. चार जणींनी त्याच रात्री १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, त्यांची रक्कम समोरच्या खात्यात होल्ड झाली. बाकीच्या सकाळी उठल्या तोवर पैसे पुढे गेलेले. पोलिसांकडे गेले तर कळलं ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने तक्रार द्यायची, युपीआयचा तो बारा आकडी नंबर घेऊन, आणि माझी ग्रुपबद्दलची वेगळी. आता बायकांना म्हणते तक्रार द्या, तर म्हणतात जाऊ दे ताई, घरी माहीत नाही. ब्लाउज शिवून साठवलेले ९९९ असतात ते. अकरा जणींनीच दिली. मावशीबाई म्हणतात तो आमच्या घरी येतच नाही, आमचा संबंध नाही. उरलेल्यांना मी प्रिन्सेस कट फुकट शिकवतेय, दुसरं काय करणार, तोंड दाखवायचंय.

विट्याच्या ताईंना एवढंच सांगितलं, माणूस ठेवा, पगार द्या, पण ग्रुप तुमच्या फोनवरून करा, सिम तुमच्या आधारवर घ्या, आणि आत्ता फोन ठेवला की आधी व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, आपलं व्हॉट्सॲप कुठे कुठे जोडलंय ते तिथे दिसतं. त्या फोनवरच बघायला लागल्या आणि गप्प झाल्या. एक लॅपटॉप दिसत होता, म्हणाल्या हा आमच्या पोराचाच असेल ना?

त्याचा तो नंबर आता बंद लागतो. डीपीवर मात्र अजून माझ्या क्लासचा लोगो आहे, कात्री आणि कैरीची वेलबुट्टी. तोही त्यानेच बनवून दिलेला.