२२०० वॉटचा जनरेटर, ट्रेलरचा एसी: उन्हाळाभर वापरल्यावर

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं राहण्याचं फिरतं घर. एसी १३,५०० बीटीयूचा, ट्रेलर ३० अँपचा, जनरेटर सगळ्यांकडे असतो तसला छोटा इन्व्हर्टरवाला. बाकीचे स्पेक्स लिहीत बसत नाही.

आम्ही फिनिक्सला राहतो, उन्हाळ्यात ट्रेलर काढायचा म्हणजे एसी हवाच, त्यात यंदा आई-बाबा आले होते पुण्याहून. डीलर म्हणाला होता एसी आरामात चालेल. कुठला आरामात! पंखा छान फिरायचा, पण कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की जनरेटर गुरगुरायचा, ओव्हरलोडचा लाल दिवा, मायक्रोवेव्हचं घड्याळ गुल, म्हणजे आतली वीज गेली. जनरेटरचं इंजिन मात्र चालूच राहतं, त्यामुळे बाहेर बसलेल्याला वाटतं सगळं ठीक आहे आणि आत आई घामाने निथळतेय.

माझा खरा राग त्या २२०० आकड्यावर आहे. खोक्यावर ठळक छापलाय, पण ते स्टार्टिंग वॅट, थोड्या वेळापुरते. सलग मिळतात १८००, म्हणजे १२० व्होल्टला १५ अँप. एसी एकदा लागला की १२-१३ अँप खातो, भर उन्हात अजून जास्त, पण कॉम्प्रेसर सुटताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट ओढतो. तिथे २२०० पण कमीच पडतात. हजार डॉलर मोजून घेणाऱ्याला १८०० ठळक दिसायला नको का?

डीलरचा सल्ला काय, तर अजून एक तसाच जनरेटर घ्या आणि पॅरलल जोडा. म्हणजे अजून हजार! मी ३०० डॉलरच्या आसपास सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर सुटतानाचा झटका कमी करणारं यंत्र) आणला आणि छतावर चढून स्वतः बसवला. (वीज बंद केली तरी एसीच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज असतो, तो आधी डिस्चार्ज कराच.) त्यानंतर कॉम्प्रेसर हळूच लागतो, जनरेटरचा फक्त आवाज थोडा चढतो. जनरेटरचा इको स्विच बंद पाहिजे, नाहीतर इंजिन मंद चालत असतं आणि अचानक आलेला लोड त्याला झेपत नाही. तेव्हा जनरेटरला आधी दिलेल्या दोन स्टारचे मी चार केले.

तरी सकाळी सकाळी जनरेटर मधूनच ट्रिप व्हायचा. ईएमएसच्या (ट्रेलरमध्ये येणारी वीज तपासून, गडबड असेल तर ती अडवणारं यंत्र) डिस्प्लेवर अँप बघत एकेक गोष्ट बंद करत गेलो तर रात्री बॅटरी उतरलेली असायची आणि कन्व्हर्टर ती चार्ज करायला पाच-सहा अँप घेत होता, वर फ्रिज (तो गॅस आणि वीज दोन्हीवर चालतो) ऑटोवर असल्यामुळे तोही विजेवर. आता फ्रिज आणि गिझर गॅसवर (गिझरचं इलेक्ट्रिक एलिमेंट एकटंच १२ अँप खातं), बॅटरी भरेपर्यंत एसी नाही. एसी बंद केला तर परत लावायला किमान तीन मिनिटं थांबतो, एसीच्या आतल्या गॅसचं प्रेशर उतरावं लागतं.

उंचीवर मात्र इलाज नाही. दर १००० फुटांना साधारण साडेतीन टक्के पॉवर जाते. पेसन गाव ५००० फुटांवर, तिथे १८०० चे १५०० सुद्धा राहत नाहीत, एसी जेमतेम चालतो. फ्लॅगस्टाफला ७००० वर मी लावतच नाही, तिथली हवाही तशी बरी असते.

अजून एक. ईएमएस 'ओपन ग्राउंड' दाखवून वीज आत सोडतच नसेल तर जनरेटर बिघडलाय असं समजू नका, या छोट्या जनरेटरचं न्यूट्रल ग्राउंडला जोडलेलं नसतं. ते दोन जोडणारा बाँडिंग प्लग थोडक्या पैशात मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायचा. एवढ्यासाठी सर्व्हिस सेंटरला तासाचे पैसे अजिबात देऊ नका.