ऐकलं ते एक, मिळालं ते दुसरं

हेडफोन घ्यायचाय म्हटलं की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो: "दुकानात जा, कानाला लावून बघ, मगच पैसे दे." सल्ल्यात खोट नाही. पण आता तो काही दुकानदारांनाही पाठ झालाय, आणि माझी फसवणूक त्याच्याच आधाराने झाली. मला ऐकवला तो हेडफोन अस्सल होता. पिशवीत घालून दिला तो नव्हता. हे कसं जमवतात ते सविस्तर लिहितेय, कारण मी ऐकून घेतलं होतं, सीलबंद डबा घेतला होता आणि छापील बिलही घेतलं होतं.

आधी मला हेडफोन कशाला हवा होता ते सांगते. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. दादरला गाणं शिकते. आमच्या बाई क्लासचं रेकॉर्डिंग करू देतात आणि ते जाता-येता गाडीत ऐकणं हा माझा अर्धा रियाज. पूर्वी कानात खुपसायचे इअरफोन होते. पावसाळ्यात कानात बुरशी झाली (दमट हवेत हे इतकं सर्रास होतं की डॉक्टरांनी मान वर न करताच चिठ्ठी लिहिली) आणि कानात काहीही घालायचं नाही असा हुकूम निघाला. म्हणून कानावरून बसणारा, क्लोज्ड-बॅक, पर्समध्ये मावेल असा हेडफोन. बजेट सात हजारांच्या आतलं.

क्लोज्ड-बॅक म्हणजे वाटीची मागची बाजू बंद. ओपन-बॅकला तिथे जाळी असते. आवाज मोकळा येतो, पण डब्यातला गोंगाट आत आणि आपलं गाणं शेजारणीच्या कानात. लोकलमध्ये त्याचा उपयोग शून्य. बंद वाटीनेही सगळं थांबतं असं नाही. गप्पा, क्लिपा-टिकल्या विकणारीची हाळी, असले वरच्या पट्टीतले आवाज चांगले दबतात. गाडीची खालची घरघर मात्र आत येतेच, मंद्र आवाज अडवणं नुसत्या गादीला जमत नाही. आणि चष्मा असेल तर काडीपाशी फट राहते, तिथून हेडफोनचा स्वतःचा बासही निसटतो. ही घरघर लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

मॉडेलं पाहायला बसले तर डोकं भणभणलं. सोनीचा एमडीआर-७५०६ स्टुडिओंमध्ये १९९१ पासून चालतोय, दुमडतोही, पण त्याची गुंडाळीची केबल काढता येत नाही, पर्समध्ये तिचाच गठ्ठा होतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, आकडा मोठा तर फोनला तो वाजवणं जड). २५० वाला फोनवर नुसता पुटपुटतो आणि दुमडत तर त्यातला कुठलाच नाही. सेनहायझरचा एचडी २५ हलका, डीजे मंडळींचा लाडका, पण तो कानाभोवती न बसता कानावरच दाबून बसतो, चष्मेवाल्यांना तासाभरात नको होतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स ३५ ओहमचा, फोनवर सहज वाजणारा, दुमडणारा, केबल सुटी होणारी. त्याचाच धाकटा भाऊ एम२०एक्स स्वस्त, पण केबल तीन मीटरची आणि कायमची जोडलेली. यातलं काय घ्यावं हा वेगळा विषय आहे. मी शेवटी कुठलं मॉडेल मागितलं ते मुद्दाम लिहीत नाही. कंपनीचा यात काडीचा दोष नाही, आणि नाव वाचून "मग आपण दुसरं घेऊ" म्हणाल, तर ही युक्ती दुसऱ्यालाही तशीच लागू पडते.

दुकान लॅमिंग्टन रोडचं, म्हणजे पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत जायचं. त्या रस्त्यावर नेकीने धंदा करणारी कितीतरी दुकानं आहेत आणि मी आजही तिथेच जाते, तेव्हा रस्त्याला शिव्या देणाऱ्यांत मी नाही.

काउंटरवर डेमो पीस होता. गाद्या वापरून मऊ पडलेल्या, डोक्यावरच्या पट्टीवर बारीक सुरकुत्या. मी माझाच फोन लावला आणि बाईंच्या घरचा तानपुरा ऐकला. हेडफोन पारखायला माझ्या मते यासारखं दुसरं काही नाही. जवारी, म्हणजे तारांचा तो झंकारता नाद, नीट लागलेली असेल तर प्रत्येक तारेतून वरचे स्वर एकेक करून उमलताना ऐकू यायला हवेत. स्वस्त हेडफोनमध्ये त्यांचा नुसता भणभणाट होतो. इथे ते लख्ख ऐकू आले. तबल्याचा तुकडा लावला तर डग्ग्याची घीस सरकत सरकत खाली गेली, धप्प करून बसली नाही. मला दुसरं काही नको होतं.

भावही असा सांगितला की शंकेला जागा नाही. ऑनलाइन किमतीपेक्षा सात-आठशे रुपयेच कमी. निम्म्या किमतीत देणाऱ्याला आपण लांबूनच ओळखतो. सात-आठशे सोडणारा आपल्याला व्यवहारी वाटतो.

मग पोऱ्याला हाक गेली, "गोडाऊनसे सीलपॅक ला." तो बराच वेळाने आला. डबा चकचकीत, वर घट्ट प्लास्टिक, कोपऱ्यात चमकणारा होलोग्राम. उघडून बघू म्हटलं तर मालक हसून म्हणाले, "मॅडम, सील तोडलं की कंपनीची वॉरंटी जाते. सेम पीस आहे, आत्ता ऐकलात ना?"

सगळा खेळ या वाक्यात आहे. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, डब्यावरच्या प्लास्टिकशी तिचा संबंध नाही. गिऱ्हाईकाने स्वतःच्या मालाचं वेष्टन काढायचंच नाही अशी अट घालून कोण माल विकेल? पण ते वाक्य ऐकताना कानात अजून तानपुरा असतो. देवगड हापूसच्या पेटीतली एक फोड चाखायला द्यायची आणि गाडीत ठेवताना कर्नाटकची पेटी ठेवायची, तसलाच हा प्रकार.

बिल छापील मिळालं, जीएसटी नंबरासकट. त्यावर लिहिलं होतं "हेडफोन वायर्ड, १ नग". मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही. पैसे क्यूआर कोडवर दिले. फोनवर जे नाव उमटलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. "भाईचं खातं आहे," म्हणाले.

परतीच्या गाडीत हेडफोन झकास वाजला. खरंच. इथे ती घरघर कामाला येते. गाडीचा खालचा आवाज गाण्यातला बास झाकून टाकतो, त्यामुळे ज्या मालात बास फुगवलेला असतो तो गोंगाटात भरदार वाटतो. बनावट माल करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. रात्री घरी शांततेत तोच तानपुरा लावला आणि जवारी गायब. चारही तारा एकाच घोंगड्याखाली झोपलेल्या. डग्गा म्हणाल तर लग्नातला डीजे.

दुकानात फोन केला. मालक अजिबात बिचकले नाहीत. "नवीन आहे ना मॅडम, बर्न-इन व्हायला पाहिजे. पन्नास तास वाजू द्या, आवाज उघडेल." ही युक्तीची दुसरी पायरी, आणि पहिलीपेक्षा हुशार. वापरून गाद्या मऊ होतात, कानाभोवती नीट बसतात, आवाजात थोडा फरक पडतो, इतपत खरं आहे. पण आतला ड्रायव्हरच, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकरच, भलता असेल तर पन्नास काय, पाचशे तासांनीही तो भलताच राहणार. पन्नास तासांची मेख वेगळी आहे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात "७ दिवसांत बदलून मिळेल" असं छापलेलं होतं. नोकरी करणाऱ्या माणसाचे पन्नास तास सात दिवसांत कसे भरणार? म्हणजे आपण इमानदारीने वाजवत बसायचं आणि मुदत त्यांनी खायची. चष्म्यामुळे बास जास्त येत असेल, असंही ऐकवलं. वर लिहिलंच आहे, चष्म्याने बास कमी होतो, वाढत नाही.

निकाल लावला माझ्या भाच्याने. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. "मावशी, कानाचं राहू दे, मीटर लावू," म्हणाला. वायरवाल्या साध्या हेडफोनसाठी ही तपासणी मला फार आवडली, कारण इथे "तुमच्या कानांचा फरक आहे" म्हणायची सोय नाही. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवायचा. पिनच्या टोकापासून बुडाच्या भागापर्यंत मोजलं की डावी बाजू, मधल्या कड्यापासून बुडापर्यंत मोजलं की उजवी. येणारा आकडा डब्यावर लिहिलेल्या ओहमच्या जवळपास, सहसा जरासा कमी असतो, आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. माझ्या डब्यावर तिशीच्या पुढचा आकडा होता. मीटरवर डावीकडे १७, उजवीकडे २१. भाचा म्हणाला, "दोन बाजूंना दोन वेगळ्या लॉटचे ड्रायव्हर बसवलेत." मोजताना हेडफोन कानावर ठेवू नका, खट्कन आवाज येतो. ब्लूटूथवाल्यांना अर्थात हा उपाय नाही. तिथे डब्यावरचा आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो.

मग बाकीचं उलगडायला लागलं. डब्यावर आयातदाराचा स्टिकर होता, पण पत्त्यातला पिनकोड पाच आकडी. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो, म्हणून नक्कल करणाराही स्टिकर चिकटवतो, पण तो वाचून कोण बघतं? जीएसटी नंबर पंधरा अक्षरी होता, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, दिसायला चोख. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. काउंटरवर उभ्या-उभ्या मोबाईलवर अर्ध्या मिनिटात होणारं काम आहे हे. कंपनीच्या भारतातल्या वितरकाला सीरियल नंबर आणि फोटो पाठवले. हा माल आमचा नाही, असं लेखी उत्तर आलं. हे उत्तर मिळवाच. पुढे सगळा भार त्याच्यावर असतो.

दुकानात परत गेले तेव्हा भाषा बदलली होती. "सील तुम्ही तोडलंत. आता आम्हाला काय माहीत आत काय होतं?" म्हणजे दुकानात सील तोडू द्यायचं नाही आणि घरी तोडलं म्हणून हात वर करायचे. डेमो पीस तेव्हाही काउंटरवर होता, दुसरं कुणी तरी कानाला लावून मान डोलवत होतं. मी त्या मुलाला मोठ्याने सांगितलं, तो निघून गेला. त्या दिवशी माझी कमाई एवढीच.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणून सात दिवसांचं ते बारीक अक्षर दुकानदाराला इतकं प्यारं, आणि म्हणून पहिल्याच दिवशी तक्रार लेखी जायला हवी, व्हॉट्सॲपवर का होईना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. मोठ्या कंपन्या तिथे दाद देतात, गल्लीतल्या गाळ्यावर तेवढा वचक बसत नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, तोही ई-जागृती पोर्टलवरून. माझा अर्ज गेला आहे. अडचण एकच, पैसे गेले "भाई"च्या खात्यात आणि बिल दुकानाचं, तेव्हा दोघांचा संबंध मला दाखवावा लागणार. म्हणून फाडलेलं प्लास्टिक आणि होलोग्रामसुद्धा मी जपून ठेवलंय. सात हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं ऑफिसात विचारतात. त्यांना काय सांगणार, आता मला त्या माणसाचं तोंड आयोगासमोर बघायचंय.

हेडफोन तर लागणारच होता. दुसरा घेतला तो वाद्यांच्या दुकानातून, आणि अट घातली की डबा इथे उघडायचा, त्याच डब्यातला माझ्या फोनवर ऐकायचा आणि बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर हाताने लिहून शिक्का मारायचा. काउंटरवरच्या काकांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, कात्री स्वतःच काढून दिली. आणखी एका दुकानात "सील तोडणार नाही" ऐकलं होतं, तिथून लगेच निघाले होते. नवीन डबा मिळत नसेल तर मी सरळ डेमो पीसच मागेन. गाद्या शंभर-दोनशे तास वापरलेल्या असल्या तरी बिघडत नाही, त्या सुट्या मिळतात आणि मुंबईच्या हवेत त्यांचं रेक्झिन नाहीतरी दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटतंच.

घेतला तो एम२०एक्स. पैसे आधीच बुडाले होते, त्याच्या वर जाणं शक्य नव्हतं. जवारी ऐकू येते, डेमोवर ऐकलेल्या त्या हेडफोनइतकी नाही, पण येते. तीन मीटरची केबल मात्र खरोखर वैताग आहे. गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधते, तरी ठाण्याला उतरणाऱ्या एखादीच्या पर्सच्या बक्कलात ती अडकतेच, आणि मग अख्खा डबा मला केबल ओढू नको, फोन सोड, अशा सूचना देतो.