नाक धुण्याची बाटली झकास, पुड्यांनी मात्र वात आणला

परवा बाटलीतल्या पाण्यात घालायच्या मिठाच्या पुड्यांचं नवं खोकं उघडलं तर आत सगळे खडे झालेले. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचं असतं." श्रावणात नाशकात कोरडी जागा कुठली, तेही सांगा म्हटलं. तक्रार नंबर मिळाला, पुड्या नाहीत.

बाटली नेहमीचीच, २४० मिलीची, दाबायची. दिवाळीनंतर घेतली. माझं दुखणं सायनसचं, गालफडात आणि भुवयांच्या वर, खाली वाकलं की ठणका. त्यात थंडीत सकाळी स्कूटीवरून सिडकोतून अंबडला जायचं. आधी नाकात थेंब टाकायचे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते बंद केले. तीन ते पाच दिवसांच्या वर घेतले तर तेच थेंब नाक चोंदवतात म्हणे. झणझणीत मिसळीनेही नाक सुटतं, पण तासाभरापुरतं.

सुरुवातीला बाटलीला दोनच तारे दिले असते. नाकात नुसती आग व्हायची. दोष निघाला पुडीचा! खाच आहे, बाण आहे, "येथे फाडा" छापलंय, पण तिथे ती फाटत नाही. ओल्या हाताने तर नाहीच नाही. दाताने ओढली की अर्धी पूड बेसिनमध्ये. आता लिटरला ९ ग्रॅम मीठ असलं तर नाकाला पाणी कळतसुद्धा नाही, कमी पडलं की झोंबतं. कात्री वापरायला लागले आणि झोंबणं थांबलं. दहा रुपयांच्या पुडीला नीट खाच पाडता येऊ नये?

बाकी गुण आहे. तोंड उघडं, "आ" म्हणत दाबायचं, एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. नंतर जोरात शिंकरू नका, कानात दडा बसतो. गालातल्या पोकळीचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे थोडं पाणी आत राहतं आणि भलत्या वेळी येतं. माझं काळारामासमोर वाकल्यावर आलं. सासूबाईंना वाटलं, सून भक्तीने रडतेय. मी काही बोलले नाही.

पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असो, नळाचं थेट नाकात नको, फिल्टरचंही नको. त्यातले जंतू पोटात मरतात, नाकात मरतीलच असं नाही.

मार्चमध्ये बाटलीवर पुन्हा चिडले होते, कारण एका बाजूचं डोकं ठणकत होतं, मळमळ होती, उजेड नको वाटत होता, आणि कितीही धुतलं तरी फरक नाही. डॉक्टर म्हणाले, ही अर्धशिशी. सायनस म्हणून सांगितल्या जाणाऱ्या डोकेदुखीत ती बऱ्याचदा निघते. तिची गोळी वेगळी. तेव्हा बाटलीला चार तारे, पाचवा खाचेने खाल्ला.

हल्ली रोजच्याला अर्धी पुडी, अर्धं पाणी. प्रमाण तेच, खर्च निम्मा. उरलेली अर्धी चिमटा लावून घट्ट डब्यात. घरचं मीठ नको, त्यात आयोडीन असतं. आणि बिनआयोडीनचं खायचं मीठ विकायला २००६ पासून बंदी, म्हणजे पुडीवाल्यांचं फावलंच. वर दर तीन महिन्यांनी बाटली बदला असं छापलंय, पण पुड्यांशिवाय नुसती बाटली कुणी देत नाही. सुटी मिळणारं दुकान माहीत असेल तर खाली लिहा, सिडको-अंबडकडचं असलं तर बरं.