बसमधला एसी: छतावरचा २४ व्होल्टचा घ्यावा की घरातला स्प्लिट?

ट्रकवाल्यांसाठी निघालेला २४ व्होल्टचा छतावरचा एसी हल्ली ऑनलाइन सहज मिळतो आणि बसचं फिरतं घर करणाऱ्याला तो लगेच पटतो. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरातल्यासारखी करणारं यंत्र) नको, आउटडोअर टांगायची भानगड नको. छत कापा, दोन वायरी जोडा, झालं. सातारा-सांगलीच्या उन्हाळ्यात तो चालतो, पण मोठ्या बसमध्ये पैसे वसूल करून देत नाही.

जाहिरातीवर दहा हजार बीटीयू (थंडाव्याचं माप) लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवून किती अँपिअर खातो ते विचारा. ४० ते ४५ अँपिअर म्हणजे साधारण हजार वॅट. चाळीस डिग्रीच्या उन्हात छोटा डीसी कॉम्प्रेसर त्याच्या दुप्पट-अडीचपट थंडावा देतो, म्हणजे दोन ते अडीच किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हिशेब केला तर हा एसी पाऊण टनाच्या आतच बसतो.

अकरा मीटर लांबीची बस तर एक टनानेही थंड होत नाही, हे आधीच मान्य करा. मागचा चार-साडेचार मीटरचा झोपायचा भाग प्लायच्या पार्टिशनने वेगळा काढा आणि तेवढाच थंड करा. एसीच्या आधी खर्च छतावर करा. आतला पत्रा काढला की दोन पत्र्यांच्या मध्ये इंच-दीड इंचाची पोकळी सापडते. त्यात एक्सपीएसचे (कडक फोमच्या शीटचे) तुकडे घट्ट बसवा, फटी पीयू फोमने भरा. मात्र छताच्या लोखंडी कमानी उघड्या राहिल्या तर उष्णता त्यांच्यातूनच आत येते. म्हणून कमानींवरून १० मिमीची नायट्रिल शीट सलग फिरवायची आणि मग आतलं पॅनल लावायचं. खिडक्यांपैकी दोन ठेवा, बाकीच्या आतून बंद करा. काचेवरची काळी फिल्म हा उपाय नाही: काच स्वतः तापते आणि ती उष्णता आतच सोडते.

छतावरच्या एसीची सर्वांत जास्त येणारी तक्रार ‘दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो’ ही. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, वायरचा असतो. बॅटरीपासून एसी आठ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर सोळा मीटर होते. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत ४५ अँपिअरला दोन व्होल्टच्या वर घट पडते. बॅटरीवर २४ असले तरी एसीपर्यंत २२ पण पोचत नाहीत आणि लो व्होल्टेज कट लागतो, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं म्हणून एसी स्वतःच बंद होतो. तीच वायर २५ चौरस मिमीची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. पेटीतून येणारी बारीक वायर सरळ बाजूला ठेवा. वेल्डिंगची केबल चालते, पण लग्ज (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग तापतो आणि शेवटी वितळतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा; एसीजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

बसवतानाची दुसरी गोची छताच्या गोलाईची. हा एसी सपाट जागेसाठी बनवलेला, बसचं छत कमानदार. सपाट बैठक तयार न करता गास्केट नुसतं आवळलं तर एका बाजूला चेपतं, दुसऱ्या बाजूला फट राहते, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात ती फट लगेच कळते. आधी चौकोनी पाइपची फ्रेम कमानींना वेल्ड करा, वरून सपाट करा, ब्युटाइल टेप लावा आणि कडेने पीयू सीलंट फिरवा. सिलिकॉन नको, हादऱ्याने आणि उन्हाने ते पत्र्यापासून सुटतं. कमान मात्र कापायची नाही. भोक दोन कमानींच्या मध्ये बसत नसेल तर तो एसी तुमच्या बससाठी नाही. वर उंचीही वाढते, आणि जुन्या रस्त्यांवरच्या वडाच्या फांद्या कुणासाठी वर सरकत नाहीत.

आता घरातला एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा. फिटिंगला जास्त त्रासाचा, पण आमची पसंती त्यालाच. थंडावा पूर्ण टनाचा, आणि बिघडला तर सांगली-मिरजेत, कराडात, साताऱ्यात मेकॅनिक आणि पार्ट दोन्ही मिळतात. छतावरच्या एसीचं कंट्रोल कार्ड गेलं की कुरिअरची वाट बघत बसायचं, तेही भर एप्रिलात.

आउटडोअर डिकीत कोंबू नका. गरम हवा तिथेच फिरते, प्रेशर चढतं आणि मशीन ट्रिप होतं. चासीच्या मागच्या टोकाला अँगलची फ्रेम करून रबरी पॅडवर बसवा; मागे वीतभर, पुढे दोन फूट मोकळी हवा. जुन्या एसटीच्या बॉडीवर मागे ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असतो, तो अडवायचा नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जण पाहतात: धावत्या गाडीत वाऱ्याने आउटडोअरचा पंखा आपोआप फिरतो, त्याची मोटर वीज तयार करते आणि ती उलटी कार्डात जाते. गाडी चालू असताना पंख्यापुढे ताडपत्रीचं कव्हर बांधा आणि एसी लावण्याआधी ते काढा. या कव्हरमुळे धूळही कमी बसते. बसच्या मागे हवेची पोकळी होऊन सगळी धूळ तिथेच ओढली जाते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत तर कॉइलच्या पंखांत पाचटाचा भुसा अडकतो. कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जेट मारला की पंख चेपलेच म्हणून समजा.

गॅस गळतो तो हादऱ्यामुळे, आणि गळतो फ्लेअर नटापाशी, म्हणजे कॉपर पाइपचं पसरवलेलं टोक (फ्लेअर) जिथे नटाने आवळतात तिथे. आउटडोअरजवळ कॉपर पाइपचा एक आडवा वेढा ठेवा, म्हणजे हादरा वेढ्यात जिरतो. पुढे दर दीड फुटावर रबर लावलेला क्लँप. फ्लेअर टॉर्क रेंचने आवळा: पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन मीटर, ३/८ ला ३४ ते ४२. हाताच्या अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो, नाही तर फ्लेअर चिरतो. मग कोरड्या नायट्रोजनचं ४०० पीएसआय प्रेशर भरून साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजनचा सिलेंडर कुणी जोडू लागला तर त्याला तिथेच थांबवा. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे निर्वाताचं माप). ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याच्या हाती काम देऊ नका. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसर खाते.

ड्रेनचा पाइप ट्रेच्या दोन्ही टोकांना काढा. घाटमाथ्यावर बस तिरकी उभी राहिली की एकाच टोकाचं पाणी गादीवर येतं.

विजेचा हिशेब मात्र आपल्याकडच्या हवेवरून करा, दिल्लीच्या व्हिडिओवरून नको. माणदेश, जत, आटपाडी दुपारी भाजतात, पण मध्यरात्रीनंतर हवा उतरते आणि पंख्यावर भागतं. म्हणजे एसी लागतो तो मुख्यतः उन्हाच्या वेळी. ५४० वॅटचे दोन पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास देतात आणि दुपारचा एसी बहुतांश त्यांच्यावरच निघतो. पॅनल छतापासून तीन-चार इंच वर उचलले की छतावर सावलीही मिळते. छतावरच्या एसीचा तोटा इथेच: तो नेमकी हीच जागा खातो आणि उरलेल्या पॅनलवर सावली पाडतो. संध्याकाळी सात ते अकरा दोन-सव्वादोन युनिट लागतात. त्याला २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरपूर होते. पूर्ण रात्रीच्या नावाखाली दुप्पट बॅटरी गळ्यात मारून घेऊ नका. इन्व्हर्टर दोन केव्हीएचा प्युअर साइन वेव्हच हवा, वायर ३५ चौरस मिमी, फ्यूज १२५ अँपिअर. बसच्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडली तर अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा, तो अल्टरनेटरवरून ओढला जाणारा करंट मर्यादेत ठेवतो.

मार्च ते मे कोरड्या हवेत साधा कूलरही आटपाडीकडे छान काम करतो, फक्त घाटात त्यातलं पाणी हिंदकळतं आणि जूनपासून तो निरुपयोगी होतो. इंजिनावर चालणारा बसचा मूळ एसी असेल तर प्रवासापुरता ठेवा. रात्री त्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपणं म्हणजे धुराशी खेळ.

छतावरचा एसी कुणी घ्यावा? मिनीबस किंवा ट्रॅव्हलरवाल्याने, ज्याला आठ-दहा फुटांचीच खोली थंड करायची आहे आणि मागे आउटडोअरला जागा नाही. बाकीच्यांनी स्प्लिट. आणि काम सुरू करण्याआधी, एमएच-१० (सांगली) असो की एमएच-११ (सातारा), फ्रेमचं रेखाचित्र घेऊन आरटीओत जाऊन या: नोंदणीपेक्षा वेगळ्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरी लागते, आणि वेल्ड केलेली फ्रेम पासिंगच्या दिवशी कापून काढणं महागात जातं.