जुन्या ऑर्डर्सवर मार्केटिंग करून देणारी सर्व्हिस, सहा महिने वापरून साडेतीन स्टार

फुलांच्या धंद्यातल्यांसाठी लिहितेय, बाकीच्यांना बोअर होईल. सहा महिन्यांपूर्वी मी एक सर्व्हिस लावली, ते लोक तुमच्या आधीच्या क्लायंटच्या कामांचे फोटो घेतात, त्यातले निवडतात, मजकूर लिहितात आणि इन्स्टा, गूगलचं बिझनेस प्रोफाइल, वेबसाइट असं सगळीकडे टाकतात. नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे कळेलच.

माझ्या मोबाइलमध्ये फोटो ढीगभर होते पण सगळे डेकोरेशन संपल्यावर घाईत काढलेले, कोपऱ्यात बादली, ओलं फडकं, टेपचा रोल, आणि हॉलच्या लाइटमुळे पांढरे गुलाब जुन्या कागदासारखे पिवळट. ते मी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचे, 24 तासांत गायब. झालं मार्केटिंग.

पहिल्याच कॉलवर त्यांच्यातल्या मुलीने फोटो मागितलेच नाहीत, म्हणाली, "ताई, या ऑर्डरमध्ये तुमचं कुठे अडलं होतं ते सांगा." मला वाटलं हिला कशाला हव्यात या पंचायती. तरी सांगितलं, की एका लग्नात टेबलांसाठी हायड्रेंजिया घेतले होते आणि पाहुणे यायच्या तीनेक तास आधी निम्म्यांनी माना टाकल्या, मग आम्ही देठ परत तिरके कापले आणि फुलं अख्खीच्या अख्खी गार पाण्यात बुडवून ठेवली, कारण हायड्रेंजिया नुसत्या देठाने नाही, पाकळ्यांमधूनसुद्धा पाणी ओढतं (त्या खऱ्या पाकळ्या नसतातच म्हणे, असो). बरीचशी परत उभी राहिली, जी नाही राहिली तिथे कार्नेशन भरून वेळ मारून नेली. माझ्या हेल्परने तेव्हा गंमत म्हणून टबातल्या फुलांचा फोटो काढला होता, हलका ब्लर आहे, कडेला माझी चप्पल पण दिसते. त्या मुलीने नेमका तोच पहिला लावला आणि सजलेली टेबलं त्याच्यामागे. माझ्या सगळ्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त चौकशा याच्यावर आल्या, आणि येणारी माणसं "रेट काय" च्या आधी "आमचं फंक्शन दुपारचं आहे, फुलं टिकतील ना" असं विचारायला लागली. मला असेच क्लायंट पाहिजे होते!!

दुसरी चांगली गोष्ट, प्रत्येक फोटोखाली महिना आणि फुलांची नावं टाकतात. साधी वाटते पण याच्यावाचून खूप डोकं खाल्लं जायचं, पिओनीचा सीझन तेवढा छोटा आणि लोक भलत्याच महिन्यात फोटो दाखवून "सेम हेच" म्हणणार. आता मी फक्त महिन्याकडे बोट दाखवते.

कमी पडतात तिथे सांगते. इन्स्टाने 2024 मध्ये एका पोस्टला 20 फोटोंची मुभा दिली तर हे 20 च्या 20 भरतात, त्याच कमानीचे सात अँगल, कोण बघतंय. पाच-सहावर आणायला मला तीनदा सांगावं लागलं. मधे काम कमी होतं तेव्हा "एआयवर दोन-चार बुके बनवून टाकू का मॅडम" असं पण त्यांच्यातल्या एकाने विचारलं. अरे, मग आधीचं काम दाखवतोय याला अर्थ काय राहिला, आणि उद्या कुणी त्यातला निळाशार गुलाब मागितला तर मी काय डाय करत बसू? नाही म्हणून सांगितलं, ऐकलं.

आता नाव का देत नाहीये ती गोष्ट. मी फोटोंचा फोल्डर शेअर केला त्यात एका बाईंनी वडिलांच्या अंत्यविधीसाठी करून घेतलेलं पांढऱ्या लिलीचं पुष्पचक्र होतं. यांनी ते उचललं आणि वर लिहिलं, "तुमच्या खास दिवसासाठी खास फुलं". मी दुकानात लिलीचे परागकोष काढत बसले होते (कपड्यांना डाग पडतात म्हणून), हात पिवळे, फोन वाजला तर त्याच बाईंचा मेसेज, "ताई, हे काढाल का प्लीज." बस एवढंच. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. दहा मिनिटांत पोस्ट काढायला लावली, बाईंना स्वतः फोन केला. सर्व्हिसवाले म्हणाले, फोल्डरवर काही लिहिलं नव्हतं. खरंय, नव्हतं, आणि मी बाईंना फोटो वापरू का असं कधी विचारलंही नव्हतं, तेवढी चूक माझी. पण ते चक्र बघून कळत नाही का माणसाला?

तेव्हापासून ऑर्डर घेतानाच फॉर्मवर तीन प्रश्न असतात: फोटो वापरला तर चालेल का, नाव टाकू का, चेहरे दिसले तर चालतील का. फोटो क्लायंटच्या फोटोग्राफरचा असेल तर त्यालाही वेगळं विचारते आणि त्याचं नाव खाली टाकते. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, उलट स्वतःहून "आम्हाला टॅग करा" सांगतात.

सर्व्हिस अजून तीन महिने चालू ठेवलीये, मुख्यतः त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीसाठी. फोल्डर मात्र आता मीच निवडून पाठवते, आणि अंत्यविधीच्या कामांचे फोटो मोबाइलमध्येच राहतात.