ईडीएफए (फायबरमधला लाईटचा सिग्नल वाढवणारं मशीन) घ्यायचा का? जालना साईडचा रिव्ह्यू

केबल अन् ब्रॉडबँडचा धंदा आहे आमचा. संभाजीनगर-जालना लिंक साधारण 60 किलोमीटर, 1550 नॅनोमीटर वेव्हलेंथच्या लाईटला किलोमीटरमागं 0.2 डीबी (सिग्नल किती कमीजास्त झाला त्याचं माप) लॉस धरला तरी 12 डीबी तिथंच गेले, वरून रोडचं काम निघालं की जेसीबीवाला फायबर तोडतोय अन् दरवेळी जॉइंट वाढतोय. म्हणून रॅकमधे बसणारा ईडीएफए घेतला, कंपनीचं नाव सांगत नाही.

मशीन लय भारी. आत एर्बियमवाली फायबर, तिला एनर्जी द्यायला 980 नॅनोमीटरचा पंप लेझर, लाईटचं करंट न करता सिग्नल डायरेक्ट वाढतो, तेही 1530 ते 1565 नॅनोमीटरमधले सगळे चॅनल एकदम! पहिले प्रत्येक चॅनलला वेगळा रिजनरेटर (लाईटचं करंट करून सिग्नल परत नवा करणारं मशीन) लावावा लागायचा, 1987 ला साउदम्प्टन अन् बेल लॅब्सवाल्यांनी हे काढलं म्हणून सुटलो.

पण सिग्नलसोबत नॉइज पण वाढतो बरं का. आमच्या मशीनच्या शीटवर नॉइज फिगर (मशीन स्वतः किती नॉइज घालतं त्याचा आकडा) 5 डीबी आहे, ठीकय. असल्या हाय गेन मशीनला 3 डीबीच्या खाली थिअरीतच जाता येत नाही, त्यामुळं कुणी 2 सांगितला तर चहा पिऊन निघून या.

वैताग फॅनचा. मे महिन्यात रूममधे एसी नसला की टेंपरेचर अलार्म लाल, धूळ तर विचारूच नका. डीलर पैसे घेईपर्यंत दादा दादा करत होता, आता फोन उचलत नाही. पॅचकॉर्ड पुसूनच लावा, एवढ्या पॉवरला घाण कनेक्टर जळतो, अन् चालू पोर्टमधे डोकावू नका, हा लाईट दिसत नाही पण डोळा जाईल. डबल पॉवर सप्लायवालाच घ्या.