आजोबांची नाटकाची ट्रंक आणि इंटरनेट आर्काइव्ह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझे आजोबा सांगलीत शिक्षक होते आणि गणेशोत्सवातल्या हौशी संगीत नाटकांत उमेदीची बरीच वर्षे स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक उरली. तिच्यात नाटकगृहात आण्या-दोन आण्यांना मिळणारी पदांची पुस्तके, पिवळी आणि गुलाबी हँडबिले, पदे उतरवून घेतलेली एक जाड वही आणि जुन्या रेकॉर्डी होत्या. पुस्तकांचा कागद हातात घेतला की कडा मोडून पडू लागल्या, तेव्हा हा ऐवज कोठे तरी सुरक्षित आणि सर्वांना पाहता येईल असा ठेवावा, असे घरात ठरले. गेले आठ महिने मी तो इंटरनेट आर्काइव्हवर चढवीत आहे. त्या कामाचा अनुभव, असेच काही घरी असणाऱ्यांसाठी, येथे लिहीत आहे.

ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली अमेरिकेत सुरू केलेली ही ना-नफा संस्था जुनी संकेतस्थळे जपण्यासाठी अधिक प्रसिद्ध आहे; परंतु पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफितीही तेथे कोणालाही विनामूल्य ठेवता येतात, आणि पाहणाऱ्याला बहुतेक सामग्रीसाठी खातेही उघडावे लागत नाही. माझ्यासारख्याला निर्णायक वाटली ती गोष्ट अशी, की चढवलेली मूळ फाईल जशीच्या तशी राहते आणि तिच्यापासून शोधता येणारी पीडीएफ, साधा मजकूर वगैरे रूपे तेथील यंत्रणा आपोआप तयार करते. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकले की ते दाबून लहान केले जाते आणि चार दिवसांत खाली वाहून जाते. तेथे ठेवण्याला जपणूक म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष अंकीकरणाविषयी, म्हणजे कागदाची डिजिटल प्रत करण्याविषयी, थोडक्यात सांगतो. पहिली तीन पुस्तके मी गावातल्या एका दुकानात स्कॅन करायला दिली. त्यांनी पाने सपाट बसावीत म्हणून एका पुस्तकाचा कणाच मोडला. त्यानंतर सगळे घरी केले. पुस्तक पूर्ण न उघडता साधारण काटकोनात टेकवून ठेवायचे, वरून फोनने छायाचित्र घ्यायचे, गंजलेल्या पिना आधी चिमट्याने काढायच्या आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूने येऊ द्यायचा, एवढे पाळले तरी वाचनीय पान मिळते. सपाट हँडबिलांसाठी मात्र स्कॅनरच बरा.

आता चुका. या संग्रहात प्रत्येक वस्तूला एक कायमचा ओळखपत्ता मिळतो. त्यात देवनागरी चालत नाही. रोमन अक्षरे, आकडे, रेघा आणि टिंबे यांतूनच तो बनवावा लागतो आणि एकदा ठरला की आपल्याला बदलता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या पहिल्या अकरा वस्तूंचे पत्ते निरर्थक आकड्यांचे आहेत आणि ते तसेच राहणार. दुसरी चूक भाषेच्या रकान्यातली; पानावरची अक्षरे कोणत्या भाषेची समजून वाचायची, हे यंत्रणा त्यावरून ठरवते. मी तो घाईत इंग्रजीवर ठेवला आणि मजकूर म्हणून जे हाती आले ते वाचून घरातली मुले दोन दिवस हसत होती. मराठी भाषा निवडून प्रक्रिया पुन्हा चालवल्यावर स्वच्छ छपाईच्या पानांवरचा मजकूर बऱ्यापैकी ओळखला गेला. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेल्या पानांकडून आणि आजोबांच्या वहीकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ती हातानेच टंकावी लागतात.

मात्र आठ महिन्यांतला खरा वेळ चढवण्यात गेला नाही, तो वर्णन लिहिण्यात गेला. संग्रह आपण दिलेले ठेवतो. ते कोणाला सापडेल की नाही, हे आपण त्याच्याबरोबर काय लिहिले यावर ठरते. शोधपेटी मुळात शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन यांत शोधते. आतल्या मजकुरात शोधण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. एका मोठ्या अंकीकरण प्रकल्पातून आलेली अनेक मराठी पुस्तके इतक्या विचित्र रोमन वर्णलेखनात नोंदलेली मी पाहिली, की मराठी माणूस ते शब्द कधी टंकेल असे वाटत नाही. म्हणून मी प्रत्येक शीर्षक देवनागरीत आणि साध्या रोमन लिपीत असे दोनदा देतो. शिवाय शुद्धलेखनाचा पेच आहे. १९६२च्या नियमांनी जे अनुस्वार गेले ते या पुस्तकांत पानोपानी आहेत. आजचा वाचक ‘नाही’ शोधतो आणि छापलेले असते ‘नाहीं’. त्यामुळे पदाची पहिली ओळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही लेखनांत वर्णनात घालावी लागते. कंटाळवाणे काम आहे. पण याला पर्याय सापडला नाही.

या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते. कधी एखाद्या लावणीची, कधी दुसऱ्या नाटकातल्या लोकप्रिय पदाची, कधी नुसता राग आणि ताल. गाणाऱ्याच्या दृष्टीने पदाइतकीच ती ओळ मोलाची, कारण मूळ गाणे विस्मृतीत गेले तरी कोणत्या साच्यावर पद बांधले होते, याचा तोच एक छापील पुरावा असतो. म्हणून सर्व चाली मी वेगळ्या टंकून वर्णनात दिल्या. त्याहून मौल्यवान आहेत त्या आजोबांच्या पेन्सिलीच्या नोंदी. कोठे वन्समोर आला, कोणते पद रात्र फार झाली म्हणून गाळले, कोठे ऑर्गनची पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली, हे त्यांनी समासात लिहून ठेवले आहे. एका पदासमोर फक्त ‘घसा’ एवढाच शब्द आहे. नाटकाची छापील प्रत अनेक ठिकाणी मिळेल, परंतु सांगलीच्या एका मंडपात ते नाटक प्रत्यक्षात कसे झाले, हे या समासांतच आहे, आणि मजकूर ओळखणारे यंत्र नेमके तेवढेच सोडून देते.

हक्कांचा विचार टाळता येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्व राहते. ‘एकच प्याला’चे उदाहरण बोलके आहे. राम गणेश गडकरी १९१९ साली वारले, म्हणून त्यांचे संवाद केव्हाच मुक्त झाले. पण या नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची, आणि ते १९६२ साली वारले. म्हणजे ज्या पुस्तिकेवर नाटककार म्हणून गडकऱ्यांचे नाव आहे, तिच्यातला गाता येणारा भाग १ जानेवारी २०२३ पासूनच सर्वांचा झाला. आम्ही आमची प्रत त्यानंतर चढवली. रेकॉर्डींचे मात्र अडले. भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतात. परंतु संग्रह अमेरिकेत आहे आणि तेथील कायदा जुन्या मुद्रणांना शंभर वर्षे किंवा अधिकही संरक्षण देतो. त्यामुळे तीस-चाळीसच्या दशकांतल्या आमच्या रेकॉर्डी मी अंकित करून घरच्या डिस्कवर ठेवल्या आहेत, चढवलेल्या नाहीत. अनेक जण बिनदिक्कत चढवतात. मला आजोबांच्या नावाने ठेवलेली वस्तू उद्या कोणी काढायला लावावी, असे नको आहे.

हक्क आपल्याकडे असले तरी सारेच जाहीर करावे असे नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर उधारीचे हिशेब आणि भाऊबंदकीच्या नोंदी आहेत. काकांनी त्या पानांना स्पष्ट नकार दिला. मला ते पटायला आठवडा लागला; शेवटी ती पाने गाळली आणि गाळली असल्याचे वर्णनात लिहिले.

सामग्री एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त होऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यानंतर हा संग्रह काही दिवस बंद होता. ठेवलेला ऐवज वाचला, परंतु जगातल्या एवढ्या मोठ्या संग्रहावरही अशी वेळ येऊ शकते. आमच्या मूळ फायली दोन वेगवेगळ्या घरांत दोन डिस्कवर आहेत, आणि ट्रंकेतले कागद आता आम्लरहित पाकिटांत.

भेटींचे आकडे लहान आहेत आणि मला त्यांचे वाईट वाटत नाही. पुण्यात गाणे शिकणाऱ्या एका मुलीने चालीच्या ओळीवरून आमचे पुस्तक शोधले आणि एका पदाचा तिसरा अंतरा, जो तिच्या गुरुजींच्या वहीत नव्हता, तेथे मिळाल्याचे कळवले. अमेरिकेतल्या एका गृहस्थांना हँडबिलावर त्यांच्या आजोळच्या गावाचे नाव दिसले. दोघेही वर्णनातल्या शब्दांमुळेच पोहोचले.

सध्या त्या पहिल्या अकरा वस्तूंची वर्णने नव्याने लिहितो आहे. त्यांतल्या एका पुस्तकाला मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पाने नाहीत आणि नाटकाचे नाव कोठेच छापलेले नाही. त्याचे शीर्षक ‘अज्ञात संगीत नाटक’ असे ठेवून खाली सतरा पदांच्या पहिल्या ओळी दिल्या आहेत. कोणाला त्यांतले एखादे पद ऐकल्यासारखे वाटले, तर त्याच पानावर अभिप्राय लिहिण्याची सोय आहे.